समुद्र शेजारी, तरी खारटपणा मोजायचाच!

गुहागरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटलं की मनात येतं, समोरच समुद्र आहे, मोजायचं कशाला? पण जरा उत्तरेला, दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी समुद्राला मिळते. पावसाळ्यात ती भरपूर गोडं पाणी आणते आणि किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरतो. मे महिन्यातलं पाणी वेगळं, जुलैतलं वेगळं.

खुल्या समुद्रात एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेवढेच हवेत. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन थेंब टाका, झाकण लावा, बुडबुडा राहू देऊ नका, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून बघा.

आता खरी गोम. बरेच जण डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावतात आणि निर्धास्त होतात. पण शून्यावर बरोबर असलेला मीटर ३५ वर बरोबर असेलच असं नाही. शिवाय स्वस्तातले बरेच मीटर नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियमही असतं, त्यामुळे एक-दीड अंकाचा फरक पडतो. म्हणून मीटर ३५ च्या तयार द्रावणावर लावा. ते नसेल तर ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवा आणि त्यावर काटा ३५ ला आणा.

आणि हो, टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरा. खारं ओतत राहिलात तर आकडा चढत जाईल. मासे तक्रार करत नाहीत, थेट मरतात. मीटर आधीच सांगतो, फक्त तो खरं बोलतोय ना, एवढं बघा!