लेकचा कानून

'कानून' हा शब्द मराठीला फारसीवाटे मिळाला. अल्बानियाच्या डोंगरांत तो तुर्कांबरोबर पोचला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजपट्टी असा होता. उत्तर अल्बानियातील डोंगरी टोळ्यांनी शतकानुशतके ज्या मोजपट्टीने माणसाचे वर्तन मोजले, तिला त्यांनी 'लेक दुकाजिनीचा कानून' असे नाव दिले.

हा लेक (१४१०–१४८१) ऐतिहासिक पुरुष होय. १४४४ साली स्कंदरबेगने अल्बानियन सरदारांना लेझा येथे तुर्कांविरुद्ध एकत्र आणले, तेव्हा दुकाजिनी घराणे त्या संघात होते. पुढे लेक कधी स्कंदरबेगच्या बाजूने, तर कधी त्याच्या विरुद्ध उभा राहिला; मात्र १४६८ साली स्कंदरबेग वारल्यावरही त्याने तुर्कांशी झुंज चालू ठेवली. स्कंदरबेगचा चरित्रकार बार्लेती सांगतो की, एका लग्नसमारंभात एका तरुणीवरून लेक दुसऱ्या सरदाराशी भांडला आणि पुढे त्याने त्या सरदाराला ठार केले. सूडाला मर्यादा घालणाऱ्या कायद्याला ज्याचे नाव मिळाले, त्याच्याविषयी अशी कथा सांगितली जावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लेकने हा कायदा लिहिला असे मात्र नाही. कायदा त्याच्याहून जुना असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आणि वृद्धांच्या सभेत त्याचा अर्थ लावला गेला. श्तयेफेन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने हे नियम गोळा केले आणि १९१३ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. १९२९ साली ग्येचोवीची हत्या झाली; ग्रंथ पूर्ण स्वरूपात निघाला तो १९३३ साली. त्यात बारा भाग आणि १,२६२ कलमे आहेत.

जेथे राजाचा शिपाई पोचत नव्हता, तेथे हा कायदा माणसाच्या अब्रूवर उभा होता. रक्ताचे ऋण रक्ताने फेडावे, हा त्याचा कठोर दंडक. परंतु त्या सूडालाही त्याने रीत लावून दिली. स्त्रियांवर शस्त्र चालवू नये. मारणाऱ्याने मृताचे शस्त्र त्याच्या उशाशी ठेवावे आणि आपण मारल्याचे कळवावे. मृताच्या घरच्यांनी चोवीस तासांची 'बेसा' दिली, तर मारणाऱ्याने त्या मुदतीत अंत्ययात्रेलाही जावे. बेसा म्हणजे दिलेला शब्द, अभयवचन. त्या मुदतीत वैऱ्याच्याही केसाला धक्का लागता कामा नये.

याच शब्दाच्या बळावर घराचे दार उघडे असे. भाकर, मीठ आणि मन यांनी पाहुण्याचे स्वागत करावे. दाराशी आलेला माणूस आपलाच वैरी असला, तरी त्याला आत घ्यावे. आश्रयाखाली असताना त्याला कोणी मारले, तर त्याचा सूड यजमानाने घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात अनेक अल्बानियन कुटुंबांनी ज्यू निर्वासितांना आसरा दिला, त्यामागे या बेसेचीच प्रेरणा सांगितली जाते.

साम्यवादी राजवटीने कानूनवर कडक बंदी घातली. ती राजवट १९९१ च्या सुमारास कोसळल्यावर जुनी वैरे पुन्हा जागी झाली आणि सूडाच्या भयाने काही घरांतील पुरुष व मुले घराबाहेर पडेनाशी झाली. शेजारच्या कोसोवोतील अल्बानियनांमध्येही हीच प्रथा होती. तेथे मात्र १९९० साली लोकसाहित्याचे अभ्यासक आन्तोन चेता आणि अनेक तरुण-तरुणी घरोघरी फिरले. मोठमोठ्या सभांतून शेकडो कुटुंबांनी सर्वांसमक्ष रक्ताचे ऋण माफ केले.

रक्तही कानूनचेच आणि शब्दही कानूनचाच. त्या कुटुंबांनी परंपरा टाकून दिली नाही. तिच्यातील दोन वचनांपैकी अधिक अवघड वचन निवडले. सूड घेण्यास एक हात पुरतो. क्षमा केल्यावर मात्र साऱ्या घराला दिल्या शब्दाला जागावे लागते.