खोक्यावरचं नाव नको, चिप विचारा



शाळा, पतसंस्था, लहान कारखाने अशा पुष्कळ ठिकाणी हल्ली जुन्या संगणकावर लिनक्स चढवून त्याला फायरवॉलच्या कामाला लावतात. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, याची चौकशी होते. नेटवर्क कार्ड मात्र दुकानात असेल ते आणि स्वस्त पडेल ते. वास्तविक फायरवॉलचा सगळा व्यवहार दोन पोर्टांमधून चालतो, एक बाहेरच्या इंटरनेटचा आणि एक आतल्या जाळ्याचा. काटकसर करायचीच, तर ती इथे नको.

कार्ड ओळखायचं ते त्यावरच्या चिपवरून. एकाच मॉडेलच्या खोक्यात या खेपेला एक चिप आणि पुढच्या खेपेला दुसरीच, हे सर्रास चालतं. खोक्यावर काय छापलंय याच्याशी लिनक्सला कर्तव्य नाही. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएन’ लावून दिली, की प्रत्येक कार्डापुढे दोन क्रमांक दिसतात, पहिला चिपच्या कंपनीचा आणि दुसरा त्या चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा, त्यामुळे लक्षात राहतो.

चिपचिपमध्ये फरक तो काय? रिअलटेकची ८१३९ घ्या. एके काळी १०० मेगाबिटची स्वस्त कार्डं बहुतेक हिच्यावरच असत. ही चिप आलेली पॅकेटं एका सलग जागेत एकामागोमाग टाकून मोकळी होते. तिथून एकेक उचलून योग्य जागी नक्कल करायची, ती प्रोसेसरनं. फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी तर कोडमधल्या टिपणातच तिची यथेच्छ टर उडवली आहे. घरच्या संगणकावर हे जाणवणारही नाही. फायरवॉलवर मात्र येणारं प्रत्येक पॅकेट त्याच वाटेनं जातं.

गिगाबिटला हिशेब आणखी कडक होतो. सगळी पॅकेटं सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटची असतील, तर सेकंदाला १४ लाख ८८ हजारांवर येऊ शकतात. प्रत्येकासाठी प्रोसेसरला हाक मारली, तर त्याचा दिवस हाका ऐकण्यातच जाईल. चांगली चिप हाका एकत्र करून देते आणि पॅकेटं वेगवेगळ्या रांगांत वाटते, म्हणजे प्रोसेसरचे सगळे गाभे कामाला लागतात. इंटेलच्या आय-२१० मध्ये अशा चार रांगा असतात, आय-३५० मध्ये दर पोर्टाला आठ. दोन्हींचा ‘आयजीबी’ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये असला, की त्यावर अनेकांची नजर राहते. २००८ साली २.६.२७ या कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये इंटेलच्या काही कार्डांची कायमची मेमरीच बिघडू लागली. संशय ड्रायव्हरवर होता. शोध घेतल्यावर दोष निघाला कर्नलच्या माग काढणाऱ्या ‘एफट्रेस’ या सोयीत. याउलट, कंपनीच्या संकेतस्थळावरून वेगळा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा असेल, तर कर्नल बदलला की तो पुन्हा बांधा. राहून गेलं, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कार्ड दिसतच नाही आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेटही नाही!

म्हणून इंटेलचं नाव वाचून डोळे मिटायचे, असंही नाही. त्यांच्याच आय-२२५ च्या पहिल्या आवृत्त्या अडीच गिगाबिटला काही यंत्रांशी जोडल्यावर पॅकेटं गाळत. शिवाय बाजारात इंटेलच्या कार्डांच्या नकला उदंड. नव्या आय-३५० ची किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर त्यापेक्षा ओळखीच्या दुकानातलं, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं अस्सल कार्ड मी घेईन. यूएसबीचं कार्ड फायरवॉलला नकोच.

कार्ड बसवलं की जाळ्याचा वेग तपासणारं ‘आयपर्फ३’ रात्रभर चालवा. सकाळी ‘ईथटूल -एस’ नं आकडे पाहा. सीआरसीच्या, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडल्याच्या, चुका वाढल्या असतील तर आधी केबल बदला. हुकलेली पॅकेटं वाढली असतील, तर यंत्र पुरं पडत नाही. नोंदींमध्ये ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ वारंवार दिसलं आणि कर्नल ताजा करूनही थांबलं नाही, तर कार्ड परत करा. तेव्हा ते परत घेणार का, हे पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराला विचारून ठेवा.