घरपट्टी कोणाला माफ?

आज आम्ही घरपट्टीविषयी चार शब्द सांगणार आहोत. पट्टी म्हटली की माणसाच्या कपाळाला आठी पडते. पण ती कोणाकोणाला माफ असते, हे कोणी विचारीत नाही.

दौंड तुम्ही पाहिले आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड मोठे जंक्शन झाले. स्टेशन, यार्ड, कामगारांच्या चाळी, केवढी तरी जागा रेल्वेची! रेल्वेमुळे हमालांची, टांगेवाल्यांची, दुकानदारांची पोटे भरली. ते विसरून चालायचे नाही. पण या जागेवर नगरपरिषदेला घरपट्टी बसवता येत नाही. आपल्या राज्यघटनेत २८५ वे कलम आहे. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याने किंवा गावच्या संस्थेने कर बसवू नये, असे ते सांगते. संसदेने कायदा करून मोकळीक दिली, तर गोष्ट निराळी. पाटसचे स्टेशन घ्या, केडगावचे घ्या. तिथे ग्रामपंचायतीलाही हाच नियम.

रेल्वे साऱ्या देशाची. तिच्यावर एका गावाने कर का घ्यावा? हे म्हणणे आम्हाला पटते. पण रस्ता झिजतो तो गावातला, आणि गटार तुंबते तेही गावातलेच.

आता हिशोब करू. भिंतीवर कोळशाने केला तरी चालेल. समजा, एका गावात १०० सारखी घरे आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी यांचा खर्च १०,००० रुपये. प्रत्येक घराला १०० रुपये आले. त्यातल्या २० घरांना माफी मिळाली. खर्च तेवढाच राहिला. मग उरलेल्या ८० घरांवर १२५ रुपये पडले. लोक एवढे देईनात, तर दिवे कमी लागणार. दुसरे काय होणार?

यावर एक तोड निघाली आहे. गुजरातेत राजकोटच्या महापालिकेचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९ नोव्हेंबर २००९ रोजी त्याचा निकाल झाला. कर नाही, पण गावच्या सोयी वापरल्याबद्दल केंद्र सरकारने सेवा-आकार द्यावा, असे ठरले. सगळ्या सोयी घेतल्या तर घरपट्टीच्या ७५ टक्के. थोड्या घेतल्या तर ५० टक्के. काहीच घेतल्या नाहीत, तरी एक तृतीयांश. आपल्या हिशोबात त्या २० घरांनी ७५-७५ रुपये दिले, तर १,५०० रुपये येतील. मग ८० घरांवर १२५ ऐवजी १०६ रुपये २५ पैसे पडतील. फरक थोडा नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही खेड्यातले. दौंड-शिरूरच्या घरपट्टीशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. शिरूरच्या बाजाराला तुम्ही जाता. तिथला रस्ता, तिथला दिवा तुम्हीही वापरता. पूर्वी नाक्यावर जकात होती. बाहेरून येणाऱ्या मालावर ती बसायची. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. तिच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देते. ते अनुदान सरकारी तिजोरीतून येते, आणि तिजोरीत तुमचाही पैसा असतो. साबणाची वडी घेतली तरी तिच्या किमतीत कर असतोच. म्हणजे शहरात एकाला माफी मिळाली, तर तिचा भार थोडाथोडा वाडीवस्तीपर्यंत पोचतो.

देवळे, मशिदी, धर्मशाळा यांनाही माफी असते. ती असावीच. पण धर्मशाळेच्या ओट्यावर भाड्याचे दुकान थाटले, तर तेवढ्या भागाला माफी नाही. इथेच पुष्कळदा डोळेझाक होते.

तुमच्या ग्रामपंचायतीत नमुना ८ नावाचे पुस्तक असते. त्यात घर कोणाचे, कर किती, हे लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जा आणि ते पाहायला मागा. आधी आपले घर शोधा. मग ज्यांच्यापुढे कराचा आकडा नाही, त्या ओळी वाचा. तिथे भाड्याचे दुकान असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा.