मोबाईलचा नाद आणि आपली घरे

(बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या संस्थेच्या पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला ‘मोबाईलवरील खेळ व समाजमाध्यमे : फायदे आणि तोटे’ असा विषय दिला आहे. फायद्यांविषयी मी फारसे बोलणार नाही. ते सांगावयास मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. मी गणिताचा मास्तर. हिशेबाची एक गोष्ट सांगतो आणि तिथून पुढे जातो.

गेल्या वर्षी ऑटो चालविणारे एक गृहस्थ माझ्याकडे पासबुक घेऊन आले. थोरली मुलगी बारावी पास झालेली. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी दोन वर्षे पैसे साठविले होते. त्यातून अठरा हजारांच्या वर रक्कम गेलेली. “सर, बँकेत काही गडबड आहे, अर्ज लिहून द्या,” असे त्यांचे म्हणणे. मी नोंदी पाहिल्या. एकदम मोठी रक्कम कुठेच नव्हती. चाळीस, ऐंशी, पुन्हा चाळीस, मग दोनशे चाळीस. बहुतेक नोंदी रात्री अकराच्या पुढच्या. चोर असा चिल्लर नेत नाही. मी विचारले, “घरात फोन रात्री कोणाजवळ असतो?” गृहस्थ गप्प झाले.

मुलगा आठवीत. वर्गात शांत, घरात आज्ञाधारक. किराणा दुकानात अब्बा पैसे देताना बोटे कुठे कुठे पडतात ते त्याने पाहून ठेवले होते. खेळात बंदुकीचा रंग, अंगावरचा पोशाख आणि फिरते चक्र ह्यांसाठी तो पैसे भरीत होता. चक्र फिरवावे, हवी ती वस्तू आली तर आली. बहुतेक वेळा येत नसे, म्हणून पुन्हा फिरवावे.

ह्या गृहस्थांनी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. जुगार आपल्याकडे हराम मानला आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्या मुलाला ते चक्र जुगार वाटले नाही, आणि बापाला तर ते दिसलेच नाही.

आपण कापसाच्या मुलखातले लोक आहोत, म्हणून मटक्याची आठवण देतो. मुंबईतल्या आकड्याच्या जुगाराची सुरुवात कापसाच्या भावावरून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते व बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत आणि त्यावर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे थांबले, तरी जुगार थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला आणि १९६२ पासून कल्याण मटका चालू झाला. पण मटका लावणाऱ्याला नाक्यावर जावे लागे. कोणी पाहील, मामू भेटतील, मास्तर भेटतील ही धास्ती असे. आता नाकाच खिशात आला आहे आणि तो रात्री बंद होत नाही.

ही ओढ कशी लागते, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण आपण त्याला नुसते ‘पोरगे बिघडले’ म्हणून मोकळे होतो. स्किनर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९५७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात कबूतर ठेवायचे, त्याने चोचीने टिचकी मारली की दाणा द्यायचा. दर ठराविक टिचक्यांनंतर दाणा मिळत असला की कबूतर दाणा खाऊन थोडा दम खाते. पण दाणा कधी दुसऱ्या टिचकीला, कधी चाळिसाव्या टिचकीला, असा अंदाज लागू न देता दिला, तर ते दम न घेता टिचकत राहते. दाणा बंद केला तरी बराच वेळ थांबत नाही. त्या मुलाचे चक्र म्हणजे हाच पिंजरा होय. आणि आपण मोठी माणसे दर दोन मिनिटांनी फोन काढून कोणाचा संदेश आला, फोटो किती जणांना आवडला हे पाहतो, ते दुसरे काय आहे?

खेळात आणखी एक कडी असते. ती मला त्या मुलानेच समजावून दिली. मी म्हटले, “अरे, अम्मीने जेवायला बोलाविले की बंद का करीत नाहीस?” तो म्हणाला, “सर, चौघांची टीम असते. मी मधेच गेलो तर बाकीचे तिघे मरतात. मग उद्या मला कोणी घेत नाही.” म्हणजे तो हट्टाने बसला नव्हता, दोस्तांच्या शब्दाला बांधलेला होता. विटी-दांडूत अंधार पडला की खेळ आपोआप मोडत असे. ह्या खेळांना अंधार पडत नाही.

समाजमाध्यमांचेही तसेच. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. बोटाने सरकवीत जावे आणि पान संपूच नये, ही युक्ती २००६ साली एझा रास्किन ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने काढली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेन ह्या तरुणाचे उदाहरण मला अधिक आवडते. पक्ष्याला नळकांड्यांमधून उडविण्याचा त्याचा साधा खेळ जगभर गाजला, पैसाही चांगला मिळत होता. पण लोकांना त्याचे व्यसन लागले असे वाटल्यावरून फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो बाजारातून काढून घेतला. असे करणारे फार थोडे.

सगळे खेळ सारखे नव्हेत, हेही खरे. आजचे मोठे बुद्धिबळपटू पडद्यावरच सराव करतात, आणि आपल्या विदर्भातली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून आली. मूल रोज अर्धा तास खेळले म्हणून कोणी घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात किती तास हा प्रश्नच नाही. खेळावर ताबा राहिला आहे का, झोप, अभ्यास, माणसे ह्यांपेक्षा खेळ वरचढ झाला आहे का, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का, हे पाहिले जाते. तेही साधारण वर्षभर चाललेले असेल तर. अशा मुलाला मारून उपयोग नाही, डॉक्टरांकडे न्यावे. बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेत ह्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालते. तितक्या दूर जाणे प्रत्येकाला शक्य नाही. १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.

आता बंदीविषयी. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, वापरल्यास दंड. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे दुसरी रीत सुरू झाली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही व मोबाईल बंद. मुले अभ्यासाला बसतात. टाळेबंदीत शाळाच फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन हातातून सुटेना, त्यातून हे निघाले. दोन्ही गावांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण वडगावची रीत मला अधिक पटते. तिथे बंदी मुलांवर एकट्यांवर नाही, आईबापांचाही फोन बंद असतो. आपल्याकडे तर भोंग्याचीही गरज नाही. मगरिबपासून इशापर्यंतचा वेळ जवळपास तेवढाच भरतो. तेवढा वेळ फोन फडताळात राहिला तर कोणाचे काय अडेल? ऑटोवाले, दुकानदार ह्यांचे अडते, हे मी जाणतो. त्यांनी बाहेर उभे राहून बोलावे.

आणि आता जे बोलावयास मी मुख्यतः आलो आहे ते. त्या गृहस्थांनी घरी जाऊन मुलाला मारले. ते एक झाले. पण त्यांनी मुलीचाही फोन काढून घेतला. “फोनने घर बुडाले, आता कोणालाच नको. हिचेही शिक्षण पुरे झाले,” असे म्हणाले. चूक मुलाची, साठविलेले पैसे मुलीचे, आणि शिक्षा तिला! हे एकाच घरात घडलेले नाही. मुलाने रात्रभर खेळले तर ‘वयच तसे आहे’, आणि मुलीला कोणी अनोळखी माणसाने संदेश पाठविला तर शाळा बंद. मग मुली काय करतात? सांगणेच बंद करतात. धमकी देणाऱ्याला नेमके हेच हवे असते, कारण बापाला कळेल ही भीती हेच त्याचे हत्यार. मुलीने येऊन सांगितले, तर आधी तिला ‘बरे केलेस’ म्हणा. मग संदेश पुसू न देता जवळ ठेवून पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच कळवा, जितका उशीर तितकी आशा कमी.

एक छोटी गोष्ट राहिली. इन्स्टाग्रामवर खाते उघडावयास तेरा वर्षे पूर्ण लागतात. दहा वर्षांच्या मुलाचे खाते उघडताना जन्मसाल कोण खोटे घालतो? पुष्कळदा थोरला भाऊ, नाहीतर आपणच. आमच्या पिढीत गुरुजी सर्वांची जन्मतारीख १ जून लिहीत, ती अज्ञानाने. ही जाणूनबुजून लिहिलेली. तसेच पैशांचा गुप्त आकडा. तो मुलासमोर दाबू नका, आणि मुलाच्या हाती जो फोन जातो त्यात बँक ठेवू नका. पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण आपल्या ह्या मुलाचा खेळ पैसे लावून जिंकण्याचा नव्हता, नुसता पोशाख विकत घेण्याचा होता. तेवढी फट कायद्यानंतरही उरते.

त्या घराचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पैसे परत आले नाहीत. बापाच्याच फोनवरून, बापाच्याच आकड्याने गेलेले. मी चार वेळा त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या वेळी मुलीच्या अम्मीने स्वतःच्या कानातले काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “प्रवेश होईल.” तो झाला. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. फोन तिच्याजवळ आहे, कारण तिचे वर्गपाठ त्यावर येतात. मुलगा दर रविवारी बापाबरोबर ऑटो धुतो, त्याचे वीस रुपये आपल्या वहीत मांडतो आणि अम्मीला देतो. अठरा हजारांतून वीस वजा जाता किती उरले, हे तो मला भेटला की सांगतो. खेळ पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. मधे दोनदा पुन्हा सुरू झाला होता, आणि दोन्ही वेळा त्यानेच येऊन सांगितले.

दर शनिवारी असरनंतर मी शाळेच्या वाचनालयात बसतो. ज्यांना एकट्याने बोलावयाचे असेल त्यांनी यावे, विद्यार्थ्यांनीही यावे.