दिलेली सत्ता आणि हक्काची सत्ता



नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना विचारतो, ‘मॉनिटरला अधिकार कोणी दिला?’ उत्तर येते, ‘गुरुजी, तुम्ही.’ ‘मग तो काढून कोण घेऊ शकेल?’ येथे वर्ग गप्प होतो. ब्रिटनची राज्यव्यवस्था समजून घेण्यास आपणांस एवढे उदाहरण पुरे आहे.

तेथे शासनपद्धती एकात्म. सार्वभौम सत्ता वेस्टमिन्स्टरच्या संसदेची. उत्तर आयर्लंडला १९२१ पासून स्वतंत्र विधिमंडळ होते. हिंसाचार वाढला, आणि १९७२ साली लंडनने ते स्थगित करून कारभार आपल्या हाती घेतला. पुढल्याच वर्षी ते विधिमंडळ रद्द झाले.

स्कॉटलंडची कथा अधिक बोलकी आहे. १९७९ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी विधिमंडळ मागितले. परंतु एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट होती. ती पुरी झाली नाही. (घरी बसलेला मतदार जणू विरोधकच ठरला!) १९९७ साली मात्र ७४ टक्क्यांनी कौल दिला व १९९९ मध्ये १२९ सदस्यांचे सभागृह भरले. शाळा, इस्पितळे, न्यायालये त्याच्याकडे आली. संरक्षण व परराष्ट्रव्यवहार लंडनकडेच राहिले.

सार्वमताशिवाय हे विधिमंडळ रद्द होणार नाही, असे २०१६ च्या कायद्यात लिहिले आहे. पण तो कायदाही वेस्टमिन्स्टरचाच! २०२३ च्या जानेवारीत एडिंबरोने संमत केलेले एक विधेयक लंडनच्या मंत्र्यांनी रोखले. त्यासाठी वापरलेले ३५ वे कलम १९९८ च्या मूळ कायद्यातच होते. वापरले गेले ते प्रथमच.