होय, बरं आणि मंजूर

‘होय’ हा शब्द आज होकारार्थी अव्यय म्हणून वावरत असला, तरी मुळात तो क्रियापद आहे. संस्कृत ‘भवति’चे प्राकृतात ‘होइ’ झाले आणि त्यातून मराठीला ‘होय’ मिळाले. त्यामुळे ‘पाणी आले का?’ या प्रश्नाला मुंबईतील वाकोल्याच्या एखाद्या चाळीत ‘होय’ असे उत्तर मिळते, तेव्हा व्याकरणाच्या दृष्टीने ते एका शब्दाचे, पण पूर्ण वाक्य असते. या मूळ क्रियापदाच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. पाठ्यपुस्तकातील व्याख्या आजही ‘होय’ने संपते, आणि ‘नव्हे’ हे नकाराचे रूप ‘न’ व ‘होय’ यांच्या संयोगातूनच घडलेले असून ज्ञानेश्वरीत ते ‘नोहे’ असे आढळते. कोकणातील गाऱ्हाण्यात गावाच्या वतीने देवाला मागणे घातले जाते आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ अशी साथ देतात. तेथील ‘व्हय’ नुसत्या दुजोऱ्यावर थांबत नाही. ‘तसे होवो’ या अर्थाकडे तो स्पष्टपणे झुकलेला असतो. भाषेने मात्र या शब्दाची थट्टाही केली आहे, कारण विचार न करता मान डोलावणाऱ्याला ‘होयबा’ हे नाव मराठीनेच दिले.

‘बरं’ची जात निराळी आहे. ‘उत्तम, निवडलेले’ या अर्थाच्या संस्कृत ‘वर’पासून ‘बरा’ हे विशेषण आले आणि त्याचे नपुंसकलिंगी रूप संमतीसाठी वापरले जाऊ लागले. ‘होय’ हे वस्तुस्थितीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, तर ‘बरं’ हे आज्ञेला, विनंतीला किंवा प्रस्तावाला दिलेले उत्तर आहे. ‘उद्या लवकर ये’ याला ‘बरं’ शोभते; ‘पाणी आले का?’ याला ते मुळीच चालत नाही. ‘हो’ हा आटोपशीर शब्द दोन्हीकडे खपतो, आणि म्हणूनच बहुधा तो सर्वाधिक ऐकू येतो.

इंग्रजीतून आलेल्या ‘ओके’ला मराठीत कोणती जागा मिळाली, हे या भेदावरून कळते. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने २३ मार्च १८३९ रोजी ‘सर्व काही बरोबर’ या अर्थाच्या शब्दांची जाणूनबुजून चुकीची वर्णरचना करून त्यांची आद्याक्षरे विनोदाने छापली, आणि पुढील वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाची आद्याक्षरेही तीच असल्याने त्या विनोदाला निवडणुकीच्या प्रचारात बळ मिळाले. ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९६०च्या दशकात हा उगम पुराव्यांनिशी दाखवला. मराठीत या शब्दाने ‘होय’ला धक्का लावला नाही, त्याने ‘बरं’ची खुर्ची बळकावली, आणि तीही दोन्ही अर्थांसह. ‘बरं’ जसे संमती देते तसे खुशालीही सांगते. ‘ओके’ही तेच करतो. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून केलेले दूरध्वनी संभाषण २०२२ च्या जूनमध्ये गाजले, त्यातील ‘ओक्के’ हा होकार नव्हता, खुशालीच होती.

कागदावर मात्र ‘होय’, ‘बरं’ आणि ‘ओके’ या तिघांपैकी कोणाचीच सत्ता चालत नाही. तेथे अरबी-फारसीतून आलेले ‘कबूल’, ‘राजी’ आणि ‘मंजूर’ हे शब्द बसलेले आहेत. ‘मंजूर’चा धात्वर्थ ‘पाहिलेले’ असा असून ‘नजर’ हा शब्द त्याच धातूचा, त्यामुळे अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेलेले ते मंजूर, असा हा अर्थविस्तार समजतो. ‘राजीनामा’ची कथा अधिक चमत्कारिक आहे. ‘राजी’ म्हणजे खूश, संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख, म्हणून राजीनामा हे मूळचे संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या महसूल व्यवहारात जमीन सोडणारा आपल्या राजीखुशीने राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा सारा भरण्याची कबुलायत लिहून देई. संमतीचा हा लेख सोडून जाण्याशी असा जोडला गेला की आज या शब्दात पद सोडणे तेवढे उरले आहे.

महसूल व्यवहाराच्या खुणा शहरातही टिकून आहेत. वाकोल्याच्या मिळकत पत्रिकांवर आजही ‘कोळेकल्याण’ हे गावाचे नाव आणि ‘अंधेरी’ हा तालुका असतो. शेतसारा संपला, पण महसुली कागद राहिला. या कागदांची गाठ आता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाशी पडते. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्देशांनुसार विकासकाच्या निवडीसाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते आणि त्या विशेष सर्वसाधारण सभेचे चित्रीकरणही करावे लागते. अशा सभेत सूचक ठराव मांडतो, अनुमोदक पाठिंबा देतो, मागच्या खुर्च्यांवरून ‘बरं, बरं, पुढे चला’ असा आवाज येतो, आणि इतिवृत्तात त्या सगळ्याचे ‘ठराव एकमताने मंजूर’ होते. ‘बरं’ म्हणणाऱ्याने वस्तुतः चर्चा आटोपायला संमती दिलेली असते, घर रिकामे करायला नव्हे. पुढे त्याच सभासदापुढे संमतिपत्र येते, तेव्हा त्याचे प्रश्न सुरू होतात: चटईक्षेत्र किती, भाडे किती महिन्यांचे, बँक हमी कोणाच्या नावाने. सही त्यानंतर होते, किंवा होत नाही.