पेशीचा सांगाडा आणि दारातली सदाफुली

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी उभी हयात बँकेत लेजर तपासण्यात गेली. या माणसाने कॅन्सरवर का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण पंचवीस वर्षांत आपल्या आवारात हा आजार तीन-चार घरांत येऊन गेला, आणि दर वेळी पारावर एकच वाक्य ऐकू आले, "सुई लावू नका, खवळतो." ते वाक्य मला बोचत राहिले. निवृत्तीनंतर त्यावर बरेच वाचले, तेच सांगतो. डॉक्टर मंडळी समोर बसलीच आहेत.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे आपल्याला वाटते. पण तिच्या आत प्रथिनांचा सांगाडा असतो. आपल्या हाडांसारखा तो कायमचा नसतो. लग्नाच्या मांडवासारखा हवा तेव्हा उभा करायचा, हवा तेव्हा सोडायचा. सामान तीन प्रकारचे. अ‍ॅक्टिनचे बारीक धागे, ट्युब्युलिनच्या पोकळ नळ्या आणि केराटिनसारखे चिवट दोर. आपले केस अन् नखेही केराटिनचीच. ट्युब्युलिनची नळी २५ नॅनोमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्श्याएवढी.

पेशीची दोन होताना आधी ४६ गुणसूत्रांची दुसरी प्रत निघते. मग दोन्ही टोकांकडून नळ्या येऊन एकेका जोडीला पकडतात. सगळ्या जोड्या नीट पकडल्या गेल्याशिवाय पेशी पुढे जात नाही. कॅश टॅली झाल्याशिवाय आम्ही शाखेला कुलूप लावत नसू, अगदी तसे! टॅली झाली की नळ्या आखडतात, प्रती वेगळ्या होतात आणि अ‍ॅक्टिनचा पट्टा नाडीसारखा आवळत जाऊन पेशी दुभंगते. अनेक कॅन्सरमध्ये ही टॅलीच ढिली पडलेली असते. एकीकडे ४५ गेली, दुसरीकडे ४७, तरी कारभार चालूच.

इथेच सदाफुली येते. आपल्या गेटपाशी बाराही महिने फुलते ती. मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आणले, पुढे व्हिन्क्रिस्टिनही मिळाले. ही औषधे ट्युब्युलिनच्या नळ्या बनू देत नाहीत. टॅली होत नाही, पेशी अडकते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही देतात.

याच नळ्या आपल्या नसांमध्ये रुळांचे काम करतात. आपल्या स्टेशनावरून लातूर रोडकडे गाडी जाते ना, तसा त्यांच्यावरून माल पार बोटांच्या टोकापर्यंत जातो. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येऊ शकतात. घरच्यांनी घाबरू नये, पण डॉक्टरांना जरूर सांगावे. आणि सकाळी सदाफुलीची पाने चावणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, ते बंद करा. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघते, तेही मोजूनमापून शिरेतून द्यायचे. तुमच्या चार पानांत औषध किती अन् विष किती, कोण मोजणार?

आता पसरण्याचे. पेशी एरवी शेजारणीचा हात धरून असते. पसरणारी पेशी तो हात सोडते, अ‍ॅक्टिनचे धागे पुढे रेटून पाऊल टाकते, खालचा पडदा विरघळवून रक्तात किंवा लसिकेत शिरते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींचा अभ्यास केला. तोंडाच्या निरोगी अस्तरात सहसा न आढळणारे केराटिन ८ आणि १८ या पेशींत असतात. ते कमी केल्यावर पेशींची चाल मंदावली, असे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. त्यावरून लगेच औषध निघत नसते, पण आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने जो आजार होतो त्याच पेशींवरचे हे काम आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

तर चालण्याची ही सगळी तयारी पेशीची स्वतःची. सुई टोचल्याने ती चालायला शिकत नाही. सुईच्या वाटेने पेशी सांडल्याचे प्रकार फार क्वचित घडतात, आणि जिथे तो धोका असतो तिथे डॉक्टर काळजी घेतात. आपण तपासणी टाळून अंगारे-धुपारे करतो, त्या चार-सहा महिन्यांत मात्र ती चालतच असते.

आपल्यापासून फार लांब नसलेल्या बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही ठेवतात. बार्शी, परांडा, भूम हा तो भाग. रजिस्टर म्हटले की माझे कान टवकारतात! नोंदी घ्यायला गावोगाव जाणारे लोक बायाबापड्यांशी लक्षणांबद्दल बोलत गेले. एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात येऊ लागल्या.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांतले काही असेल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय जवळच आहे. पुढचे प्रश्न समोर बसलेल्या डॉक्टरांना विचारा, माझी वेळ संपली.